ओळखीचं काही नको

नूडल्स म्हणजे आमच्या लेखी कोपऱ्यावरच्या हातगाडीवरचं चायनीज. लालभडक, भरपूर कोबी घातलेलं, कढईच्या धुराचा वास लागलेलं. पन्नाशी उलटेपर्यंत मला त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. आज मला तिबेटी थुक्पा आणि ब्रह्मदेशी खाऊ सुए यांतला फरक सांगता येतो. जपानी उडॉन किती जाड असतात, व्हिएतनामी फोमधल्या नूडल्स तांदळाच्या पिठाच्या असतात, हेही माहीत आहे. ऑफिसात सगळ्यांना वाटतं की मला या वयात शौक लागलाय. "काल कोणता देश?" असं एक जण दर सोमवारी विचारायचा. मी देशाचं नाव सांगायचो. खरं कारण कोणालाच सांगितलं नाही.

माझ्या बायकोला तोंडाचा कॅन्सर झाला. रेडिएशन झालं, गाठ गेली, डॉक्टरांनी अभिनंदन केलं. गाठीबरोबर तिची लाळ गेली, चव गेली, वासही गेल्यातच जमा झाला. काहींची चव काही महिन्यांनी परत येते, काहींची येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही दोघांनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं आणि घरी आलो.

पोळी उतरेना. भाताची शितं टाळ्याला चिकटून बसायची. वजन असंच घटत राहिलं तर पोटात नळी घालावी लागेल, असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तेव्हा मी घाबरलो. तिच्यासारखीच चिंचगुळाची आमटी केली, तिनेच स्वयंपाकघराच्या दारात बसून सांगितल्याप्रमाणे. तिने दोन चमचे घेतले आणि वाटी सरकवली.

बिघडली का, म्हणून मी विचारलं.

"बिघडली नसेल," ती म्हणाली. "आमटी कशी लागते ते मला माहीत आहे ना, म्हणून ती लागत नाही हे कळतं. ओळखीचं काही नको मला. जे जन्मात खाल्लं नाही असं काहीतरी बघा."

तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले. मऊ हवं, ओलं हवं, घशातून घसरून जाणारं हवं आणि तिने कधी न खाल्लेलं हवं. तिखट तर अजिबात नको, कारण चव गेली तरी जिभेची आग गेली नव्हती. इतक्या अटींत बसणारी एकच गोष्ट मला सापडली, रश्श्यातल्या नूडल्स.

पहिल्यांदा गेलो ते विश्रांतवाडीला. धायरीहून विश्रांतवाडी म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. ती स्कूटरवर मागे पाण्याची बाटली मांडीत धरून बसायची आणि स्वारगेटच्या सिग्नलला हमखास एक घोट घ्यायची. एका ईशान्येकडच्या जोडप्याचं लहानसं दुकान होतं, तीन टेबलांचं. थुक्पा आला. तिने काट्याने नूडल्स उचलून निरखल्या.

"या आपल्या शेवयाच की," ती म्हणाली. "कोणी मोडायचा कंटाळा केलेला दिसतोय."

पण अर्धा बाऊल गेला. ती प्रत्येक घासानंतर पाणी पीत होती, आणि मी तिच्याकडे बघता बघता माझा बाऊल कधी संपवला ते मला कळलं नाही. मला तो थुक्पा फार आवडला. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडला.

मग आम्ही हिंडत राहिलो. कोरेगाव पार्कात, औंधला, विमाननगरच्या एका गल्लीत. जपानी ठिकाणी ती संकोचून बसली होती, कारण लाळ नसल्यामुळे तिला नूडल्स आवाज करत ओढून घ्याव्या लागत. वाढणाऱ्या मुलीने सांगितलं की त्यांच्यात असंच खातात, आवाज केला की आचाऱ्याला बरं वाटतं. आयुष्यभर मला बशीतून चहा भुरकताना टोकणारी माझी बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकीच्या देशात जन्माला आलात तुम्ही."

त्या दिवशी खूप दिवसांनी मोठ्याने हसलो. खरं सांगायचं तर मला रविवारची ओढ लागली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे बाहेर कधी जेवायला जात नव्हतो. शनिवारीच मी फोनवर नवं ठिकाण शोधून ठेवायचो. हे सगळं तिच्या आजारामुळे चाललंय हे त्या वेळापुरतं मी विसरायचो. मुद्दाम विसरायचो.

खाऊ सुएच्या वेळी ती म्हणाली, "जरा गोडसर लागतंय. नारळ ना?"

मी तिला दोनदोनदा विचारलं. ती हो म्हणाली. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या शिरल्या ते सांगून टाकलं, ती बोलायच्या आत. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान डोलावली. त्यानंतर दर रविवारी काही ना काही लागू लागलं. कधी खारट, कधी भाजल्यासारखं, एकदा तिळाचं. वजन मात्र उतरतच होतं. मी म्हणायचो, चव आली की भूक येईल, थोडा वेळ लागेल. ती पाण्याचा घोट घ्यायची.

मग औंधचं ते थाई ठिकाण. आम्ही दोन सूप मागवली, दोन्हींत तांदळाच्या नूडल्स. तिच्यासाठी चिंचेचं आंबट आणि माझ्यासाठी मशरूमचं साधं. बाऊल आले, दिसायला सारखेच. तिने चमचाभर रस्सा घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, "आंबट आहे. चांगलं आंबट. चिंचेचंच."

मी हसून माझा चमचा तोंडात घातला आणि दोन्ही जबड्यांना झिणझिण्या आल्या. चिंच माझ्याकडे होती.

तिच्या कोपराशी मेनूकार्ड उघडं पडलं होतं. पदार्थाच्या नावाखाली बारीक अक्षरांत त्यात काय काय घातलंय ते लिहिलेलं. ती बसल्या बसल्या नेहमी ते शेवटपर्यंत वाचायची. मला वाटायचं, हौसेने वाचते.

गप्प राहूनही चाललं असतं, दोघांचंही. पण तेवढ्यात वाढणारा मुलगा परत आला आणि हात जोडून म्हणाला, "सॉरी सर, बाऊल उलटे ठेवले मी. आंबटवालं मॅडमचं. बदलून देऊ का?"

"राहू दे," ती म्हणाली. "सुरुवात केली आता."

तो गेला. तिने बाटलीतून पाण्याचा घोट घेतला, झाकण नीट लावलं.

"काही लागत नाही हो मला," ती म्हणाली. "तेव्हाही लागलं नव्हतं. पांढरं दिसलं म्हणून नारळ म्हटलं."

का म्हणून मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुम्ही मिटक्या मारत जेवता आणि मधेच माझ्याकडे बघून चोरासारखे थांबता. बघवत नाही ते. म्हटलं, मला लागतंय असं कळलं तर निदान सुखाने जेवतील. मग डॉक्टरांना सांगून मोकळे झालात तुम्ही. मागे कशी फिरणार होते मी?"

मला तिचा हात धरायला हवा होता, असं आता वाटतं. तेव्हा मी चमचा उचलला. समोर बाऊल होता, तिने खाणं थांबवलं नव्हतं, मग मीही खाल्लं. आंबट होतं, गवती चहाचा वास होता, मागून किंचित गोड. मी ते सगळं संपवलं. तिच्या बाऊलमधलं निम्म्याहून जास्त तसंच राहिलं.

पुढच्या तपासणीत तिनेच डॉक्टरांना खरं सांगितलं, शांतपणे, शाळेत चुकीचा निरोप गेला होता तो दुरुस्त करावा तसं. डॉक्टरांनी बराच वेळ कागद चाळले. एवढ्या काळात जे परत येतं ते येतं, आता फारशी आशा धरू नका, असं म्हणाले. वजनाचा आकडा पाहून नळीचं नक्की केलं. एवढे रविवार नूडल्सऐवजी दुसरं काही द्यायला हवं होतं का, नळी आधीच घातली असती तर तिच्या अंगात थोडं बळ राहिलं असतं का, हे मी तिथे विचारू शकलो नाही. चव परत येतेय म्हणून थांबूया, असं त्यांना मीच दोनदा सांगितलं होतं.

आता तिचं जेवण डब्यातल्या पावडरचं असतं. कोमट पाण्यात कालवून नळीतून द्यायचं. मी देतो. ती वर पंख्याकडे बघत असते.

परवाच्या रविवारी ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. दोघांनी उपाशी राहून काय मिळणार आहे?"

नको नको म्हणत मी गेलो. विश्रांतवाडीलाच गेलो. त्या दुकानातल्या बाईंनी हिंदीत विचारलं, दीदी नाही आल्या? मी म्हणालो, माहेरी गेलीय. थुक्पा पूर्वीसारखाच होता. चांगला होता. शेवटचा रस्सा मी बाऊल तोंडाला लावून प्यायलो.

घरी आलो तर ती खिडकीपाशी बसली होती. काय खाल्लंत, म्हणून तिने विचारलं. काही खाल्लं नाही, जावंसं वाटलं नाही, नुसताच फिरून आलो, असं मी सांगितलं.

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शर्ट भिजत टाका," ती म्हणाली. "तेलाचा डाग आहे, वाळला की निघणार नाही."