वर्कशॉपच्या दाराशेजारचे मोठ्या डोक्याचे गृहस्थ

साठी ओलांडल्यावर लिहायला बसले आहे, त्यामुळे सुरुवात कुठून करावी याचा संकोच वाटतो. त्या चित्रापासूनच करते.

ऑकलंडपासून दिवसभराच्या वाटेवर असलेल्या लोअर हट या शहरातल्या ज्या तंत्रशिक्षण संस्थेत मी इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवत असे, तिथे वर्कशॉपच्या दाराशेजारी व्हिक्टोरियन काळातले एक रंगीत व्यंगचित्र टांगलेले होते. काटकुळे पाय, भोपळ्याएवढे डोके, काखेत छत्री आणि खिशातून डोकावणारा कर्कटक. कामगारांसाठी संध्याकाळचे तंत्रवर्ग पहिल्यांदा सुरू करणाऱ्या एका इंग्रज गृहस्थांची लंडनच्या कुठल्याशा साप्ताहिकाने उडवलेली ती खिल्ली होती.

लेथ यंत्रावर धातूकाम शिकवणारे माझे सहकारी नागपूरचे. विद्यार्थी म्हणून या देशात आले आणि इथलेच झाले. पहिल्या वर्षी दसऱ्याला मी नेहमीच्या सवयीने लेथवर ठेवायला झेंडूची फुले घेऊन गेले. त्यांनी मला अडवले नाही. फक्त म्हणाले, “मॅडम, मशीनला फूल वाहून ती काही जास्त चालत नाही. ज्यानं कामगाराच्या हाती मशीन दिली, त्याला वाहा.” त्यांच्यासाठी तो दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. सकाळी घरी बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेपुढे वंदना करून ते येत, मऊ फडक्याने या चित्राची काच पुसत आणि चौकटीच्या कडेवर पांढरी फुले ठेवत.

हे चित्र मुळात हसण्यासाठी काढले आहे, असे मी एकदा चाचरत सुचवले.

“माहीत आहे की. कामगाराला शिकवायला निघालेल्याचं डोकं फिरलंय, असंच वाटायचं त्या पेपरवाल्यांना. म्हणून एवढं मोठं काढलं.” मग चित्राकडे पाहून म्हणाले, “पाय तेवढे जरा जाड काढायचे होते, बाप्पा.”

त्यानंतर काही वर्षांनी वर्कशॉप बंद करण्याचा प्रस्ताव आला. लेथ जुने झाले, विद्यार्थी घटले, शिकवणे ऑनलाइन होणार, अशी कारणे होती. कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी बैठक बोलावली गेली. त्या दिवशी दक्षिण ध्रुवाकडून येणारे बोचरे वारे सुटले होते. हात धातूला लागल्याशिवाय हे काम कोणालाही येत नाही, एवढेच माझ्या सहकाऱ्यांनी सावकाश इंग्रजीत मांडले. तरुण व्यवस्थापकाने मनापासून मान डोलावली, “स्वीट अ‍ॅज”, म्हणजे इथल्या बोलीत ‘उत्तमच’, म्हणून आभार मानले आणि पुढच्या माणसाकडे वळला. आमचे काय होणार, ते मला तेव्हाच कळले.

हिवाळा संपायच्या आत लेथ भंगारात गेले. संस्था सोडताना माझ्या सहकाऱ्यांनी ते चित्र मागितले. संस्थेची मालमत्ता देता येत नाही, असे उत्तर मिळाले. शेवटच्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी काच पुसली आणि फडके घडी घालून खिशात ठेवले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला लोअर हटमध्ये तसे काम मिळेना. बायकामुलांना इथेच ठेवून ते ऑकलंडला, ईस्ट टामाकी भागातल्या एका गोदामात खोकी हलवायला गेले.

चित्र मात्र स्वागतकक्षात आले. वर दिवा लागला, खाली वारशाविषयीची पाटी लागली. माझे ड्रॉइंगचे वर्ग तेवढे उरले होते.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी अंगणातली कॅमेलियाची पांढरी फुले नेली आणि कोणी नाही असे पाहून चौकटीच्या कडेवर ठेवली. दुपारी फुले तिथे नव्हती. स्वागतकक्षातल्या मुलीने ती नीट पेल्यात ठेवली होती. तिने हळू आवाजात विचारले, आज या गृहस्थांची पुण्यतिथी आहे का? मी नाही म्हटले.

मग माझ्या जेवणाच्या सुट्टीत ऑकलंडला त्या सहकाऱ्यांना फोन केला. मागे फोर्कलिफ्टचा भोंगा सतत वाजत होता. फुले ठेवली, एवढेच मी सांगितले.

“काच पुसली का, मॅडम?”

“नाही. राहिलीच.”

तेवढ्यात त्यांना कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.