भाताचं इंजिन

नारूमामा कोणतीही वस्तू आधी तळहातावर तोलायचे आणि मगच तिच्याबद्दल बोलायचे. नारळ, पाना, कुणाचं आलेलं पत्र, सगळं. बेळगावच्या कॉलेजातून मी पहिल्यांदा सुट्टीला आलो तेव्हा त्यांनी माझं तर्कशास्त्राचं पुस्तक असंच हातात घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "दीड शेर. पण आत काय हाय ते तू सांग." मला नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून ते मला माझ्या नावाऐवजी 'कॉलेज' म्हणू लागले.

ते माझे सख्खे मामा नव्हते. कुंभारवाड्याला आमच्या घराशेजारी त्यांचं घर आणि थोडी भातशेती. नोकरी कॅसलरॉकच्या रेल्वे शेडमध्ये, फिटरची. वाचायला येत नव्हतं, पण घाट चढणारी आगगाडी नुसत्या आवाजावरून ओळखत आणि तिला काय दुखतंय तेही सांगत. आमच्या वाडीत कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा आणि यंत्र बिघडलं की ते मामांकडे जायचं. विमान आलं तेव्हा आम्हा दोघांनाही बोलावणं आलं, ते असं.

रामनगरच्या माळावर एका साहेबाचं जुनं, दोन माणसांचं, कापडी पंखांचं विमान उतरलं. इंजिनाला तडा गेला होता. साहेबाला विलायतेला परतायची घाई होती. रामनगरच्या अण्णा कंत्राटदारांनी ते आहे तसं विकत घेतलं. अण्णांचा धंदा लाकडाचा. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या एकानं नुकतीच मोटार घेतली होती, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. तसलं इंजिन आता कुठे बनत नव्हतं, म्हणून मुंबईहून तीन वेगवेगळ्या इंजिनांची माहितीपत्रकं मागवली होती. ती वाचायला मी, आणि इंजिन निवडायला मामा.

अण्णांची निवड आधीच झाली होती. सगळ्यात जास्त घोड्यांच्या ताकदीचं ते सगळ्यात चांगलं. मामांनी मला प्रत्येकाचं वजन विचारलं. अण्णा हसले. "नारू, इंजिन घ्यायचंय, गूळ न्हाई."

मामा म्हणाले, "अण्णा, कावडीला पुढं हंडा आन् मागं तांब्या बांधला तर पाणी घरला येत न्हाई. जुनं जेवढं जड, तेवढंच नवं पायजे."

जुनं किती जड होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विमानाची पुस्तिका साहेबाबरोबर गेली होती आणि इंजिन दुसऱ्या दिवशी भांडी ओतणाऱ्याकडे जायचं होतं, कारण अण्णांनी ते विकूनही टाकलं होतं. गावच्या दुकानातल्या धान्याच्या काट्यावर ते मावेना. तेव्हा मामांनी अण्णांच्या लाकडाच्या वखारीत आंब्याच्या फांदीला सागाची तुळई टांगली, एका टोकाला इंजिन लटकवलं आणि दुसऱ्या टोकाला आपल्या शेतातलं त्याच आठवड्यात झोडलेलं भात. दोन पोती आणि वर चार पायल्या घातल्यावर तुळई आडवी झाली. मग ते भात आम्ही दुकानाच्या काट्यावर एकेक करून मोजलं, मी आकडे वहीत लिहिले, बेरीज केली, पौंड काढले. तीनपैकी मधल्या इंजिनाचं वजन अगदी तेवढंच निघालं. मामांनी तेच निवडलं.

"आणि उडलं न्हाई तर?" अण्णांनी विचारलं.

आमच्याकडे ओढ्यावर साकव घातला की तो घालणारा माणूस डोक्यावर ओझं घेऊन आधी स्वतः त्यावरून जातो. मग बाकीचे. मामांना दुसरं उत्तर सुचलं नसावं. म्हणाले, "पयल्यांदा मी बसतो."

इंजिन यायला शिमगा उजाडला. तोवर ते भात वखारीच्या माळ्यावर होतं आणि त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. खरं इंजिन भांड्यांत जमा झालं होतं, तेव्हा आता हेच इंजिन, असं मामांचं म्हणणं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत. मामी मात्र हिवाळाभर आमच्या आईपाशी कुरकुरत होत्या, की लोकांच्या घरात भात आहे आणि आमचं इंजिन झालंय.

नवं इंजिन तुळईला टांगलं, समोर तीच पोती. इंजिनाची बाजू खाली गेली. चांगलं अर्धा मण जास्त.

मामा पोत्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "कॉलेज, तुझी बेरीज?"

तीन आकड्यांची बेरीज. मी ती बाजूला जाऊन तीनदा केली आणि तिन्ही वेळा बरोबर आली. पण एका बाजूला वीस वर्षं हातानं वजन ओळखणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला मी. मी म्हणालो, "चुकली असेल." आजवर बोललेल्या खोट्यांत हे मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते मी नम्रतेनं बोललो होतो.

इंजिन परत पाठवायला अण्णा तयार नव्हते. मामांनी ते विमानाच्या नाकात बसवलं आणि तोल सावरायला विमानाच्या शेपटीत पाच शेर वाळूची पिशवी बांधली. "लांबच्या टोकाला थोडंच पुरतं," म्हणाले.

उड्डाणाच्या सकाळी बेळगावहून वैमानिक साहेब आला. सोबत बसणाऱ्याचं वजन किती, असं त्यानं विचारलं, म्हणून मामा दुकानाच्या काट्यावर मांडी घालून बसले. एक मण सव्वीस शेर. मी ते वहीत लिहिलं. माळावर सगळं रामनगर जमलं होतं. अण्णा फेटा बांधून आले होते, पण विमानापासून बऱ्याच अंतरावर उभे होते.

तेवढ्यात मामी बैलगाडी घेऊन आल्या. नवं इंजिन बसलं, तेव्हा आता आपलं भात घरी न्यायला. वखार माळाला लागूनच होती. त्यांनी गडीमाणसाची वाट न बघता पोत्याचा कान धरून ते ओढलं आणि तिथूनच म्हणाल्या, "अवो, हे बगा वजनाला किती तुटलं. ओलं भरलासा, वाळणार न्हाई व्हय? माप करायच्या आधी घरात एकदा इचारायचं तरी."

मामा विमानाच्या पायरीवर होते. खाली उतरले. वखारीत गेले, पोतं दोन्ही हातांनी उचललं, डोळे मिटले. आमच्याकडे सुगीत ओलं भात घेतलं तर वाळवणीची तूट धरूनच व्यवहार होतो. शेंबड्या पोरालाही ते कळतं. पण ते पोतं त्या दिवशी भात राहिलंच नव्हतं, इंजिन झालं होतं, आणि इंजिन कुठं वाळतं?

ते परत आले ते सरळ शेपटीकडे. वाळूची पिशवी सोडली आणि सगळ्यांसमोर अण्णांच्या पायांपाशी ठेवली. "ही शेपटीत ऱ्हायली असती तर नाक वर करून मागं पडलो असतो. इंजिन बरोबर हाय. मुंबईचा कागद बरोबर हाय. कॉलेजचा आकडा बरोबर हुता. मी चुकलो."

मग माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "बेरीज बरोबर हाय, हे तुला ठावं हुतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग चुकली असंल, असं का म्हणालास? वर मी जाणार हुतो."

एवढं बोलून ते विमानात जाऊन बसले. विमान उडालं आणि माळावर दोन फेऱ्या मारून उतरलं. वरून काय दिसलं, असं लोकांनी विचारलं, तर म्हणाले, "तोल." अण्णा त्या विमानात कधीच बसले नाहीत. दोन पावसाळ्यांत त्याचं कापड कुजलं. त्या वेळेपर्यंत त्या दुसऱ्या लाकूडवाल्यानं मोटार विकलीही होती.

त्यानंतर मामांना कुणी काहीही ठामपणे सांगितलं की ते विचारत, "ओलं का वाळलेलं?" माझ्या परीक्षेच्या निकालालाही त्यांनी हेच विचारलं.

मी बी. ए. झालो त्या वर्षी ते हिवतापानं अंथरुणाला खिळले. दवाखान्यासाठी कॅसलरॉकला नेऊन आगगाडीत बसवायचं होतं. अंगणात बैलगाडी जुंपलेली होती. मी त्यांना उचललं आणि माझं पाऊल अडखळलं. मी जेवढा जोर लावला होता तेवढा लागलाच नाही. जन्मभर वजनं केलेल्या माणसाला ते कळल्याशिवाय कसं राहील?

"किती भरलो रं, कॉलेज?"

या वेळी मी नम्रतेनं खोटं बोललो नाही. "वहीत आहे त्याच्या निम्मे."

ते हसल्यासारखे झाले. "वहीतलं खोडू नगंस. ते खोटं न्हाई. तवा मी तेवढाच हुतो."

ते परत आले नाहीत. वहीत एक मण सव्वीस शेर तसंच आहे. त्याच्यापुढे मी फक्त 'ओलं' असं लिहून ठेवलं आहे.