अडवलेलं औषध

चारठाण्याची मनकर्णा रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन परभणीत दिनकररावांच्या छोट्या कारखान्यात लागली. कपाशीवर फवारायला निंबोळीच्या तेलाचं औषध तिथं व्हायचं. पाण्यात मिसळल्यावर तेलाचे थेंब डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक राहायला हवेत. मोठे झाले तर तेल वर येतं, पानं करपतात.

थेंबांचा आकार पाहायला दिनकररावांनी पुण्याहून एक जुनं यंत्र आणलं होतं. नमुन्यावर लेझरचा किरण सोडायचा. बारीक थेंब पाण्यात भरभर हलतात, त्यांच्यावरून विखुरलेला उजेडही भरभर लुकलुकतो. त्यावरून यंत्र पडद्यावर रेघ काढतं आणि आकार सांगतं; सगळे थेंब बारीक असले की रेघ झटकन खाली उतरते.

त्र्याण्णवच्या श्रावणात औषध दुकानांत जायचं होतं. मनकर्णा एकच नमुना पुन्हा पुन्हा लावत होती. कधी आकार छान यायचा, कधी कितीतरी पट मोठा. मधेच उजेड उसळी घ्यायचा आणि पडद्यावरची रेघ खाली टेकायच्या ऐवजी लोंबकळत राहायची.

“बऱ्याच येळा तर आकार चांगला येतोय की, ताई,” दिनकरराव म्हणाले.

“तेवढ्यावर भरोसा न्हाई, साहेब. मोठे थेंब असतील, न्हाईतर पाण्यातली धूळ. कोणतं खरं, ते मला सांगता येत न्हाई.”

“मग माल थांबवू?”

“थांबवा,” ती म्हणाली.

धूळ काढायला बारीक गाळण्या हव्या होत्या, त्या औरंगाबादहून यायच्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद सुरू होते. एसटी कधी निघायची, कधी अर्ध्या रस्त्यातून परतायची. पोळा गेला. पार्सल आलं नाही. तिकडं चारठाण्यात अळी कपाशीच्या बोंडात शिरली. पुतणीचं औषध येणार म्हणून तिचे काका लिंबाजी दुसरं काही न फवारता वाट बघत राहिले.

फवारणीचा हंगाम सरल्यावर गाळण्या आल्या. गाळलेल्या पाण्यात तिनं नमुना लावला. रेघ सरळ खाली उतरली. परत लावला, तोच आकार. थेंब बारीकच होते. गोंधळ धुळीचा होता.

दिनकरराव रागावले नाहीत. “पुढल्या साली बघू,” एवढंच म्हणाले. त्यांनी मजूर कमी केले.

दिवाळीला ती गावी गेली. लिंबाजीकाका किडकी बोंडं वेगळी काढत बसले होते.

“औषध चांगलं व्हतं म्हणं?”

“हो, काका.”

“मंग अडवलं कशाला, माय?”

“तवा मला ठाऊक न्हवतं.”

काकांनी मान हलवली. पटलं की नाही, ते तिला कळलं नाही. ती शेजारी बसून बोंडं निवडू लागली.