दोन आठवड्यांचा रंगीत पाहुणा

इथे बहरीनमध्ये, आमच्या मुहर्रकच्या पेट क्लिनिकमध्ये किस्से आठवावे लागत नाहीत. लोक ते पिंजऱ्यात घालून रिसेप्शनवर माझ्यासमोर आणून ठेवतात!

त्यातला हा आफ्रिकेचा. टांझानियाच्या डोंगरातला शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, जेमतेम करंगळीएवढा. अंगावर हिरवा, पिवळा, निळा असे सगळे रंग! मालक एक वयस्कर बहरिनी, आम्ही त्यांना हज्जी म्हणतो. फ्लाइटची घाई. "दो हफ्ता संभालो," एवढंच फोनवर म्हणाले आणि विमानात बसले.

त्यांच्या घरून पिंजरा आणायला गेलेला आमचा ड्रायव्हर विजूदादा देवगडचा. आल्या आल्या ओरडला, "ह्येचो एक डोळो माझ्यार, दुसरो रस्त्यार! गाडी कोण चालवी होतो, मी की तो?"

*

दुसऱ्या दिवशी पाहुणा असा झळकला की मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटोच टाकला. संध्याकाळी पार माहूज भागातून तीन कुटुंबं मुलाबाळांसकट हजर! "सो क्यूट!" आणि सेल्फी.

तेवढ्यात आमच्या पुण्याच्या डॉक्टर मॅडम आल्या. "अगं, तो नटलेला नाही, भेदरलाय! सगळ्यांना बाहेर काढ!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले. समोर वाटीभर पाणी, पण हा तोंड लावेना. माझं तर धाबंच दणाणलं. मॅडम म्हणाल्या, "हे साचलेलं पाणी पीत नाहीत. पानावरून थेंब ओघळायला हवेत. ड्रिपर मागवलाय, इंशाल्ला परवा येईल."

परवापर्यंत हा टिकणार कसा?

विजूदादा खोलीवर गेला आणि चक्क अभिषेकपात्र घेऊन आला! शंकराच्या पिंडीवर टांगतात ते, तळाला भोक असलेलं.

"दादा, आणि तुमचा देव?"

"देव थांबतलो गे. आधी ह्येका पाणी!"

थेंब पडायला लागले. दहा मिनिटांनी इवलीशी जीभ बाहेर आली. मी रडले, लपवत नाही.

*

दोन आठवड्यांनी हज्जी आले. पाहुणा टुणटुणीत! आम्ही तिघं अभिमानाने उभे.

हज्जींनी पिंजऱ्यात पाहिलं. मग आमच्याकडे. "ये ठीक है. इसका बीवी किधर?"

बीवी? मॅडम टेबलाखाली वाकून बघायला लागल्या. विजूदादाने खुर्च्या सरकवल्या. चौदा दिवस आम्ही एकालाच जपलं होतं!

पिंजऱ्याच्या तळाशी फांदीला एक वाळकं तपकिरी पान अडकलं होतं. रोज 'उद्या काढू' म्हणून मी टाळलेलं. हज्जींनी हात घालून ते अलगद उचललं.

पानाने डोळा उघडला!