भाग काढणार नाय

"मला आवाज कापायला शिकव," हे नंदाताईंचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

पेणला स्टँडच्या मागच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी तेव्हा शिकवत होते. समोर कॉलेजची मुलं बसलेली आणि दारात ही साठीची बाई उभी. अंगात पंजाबी ड्रेस, खांद्याला कंडक्टरची असते तशी चामड्याची पिशवी. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलेलं. निवृत्त झाल्यावर खांदा मोकळा मोकळा वाटायला लागला, म्हणून तशीच पिशवी त्यांनी चांभाराकडून शिवून घेतली होती.

"कुणाचा आवाज कापायचाय?" मी विचारलं.

"आधी माझाच. मी लय बोलते."

त्यांना पॉडकास्ट करायचा होता. निवृत्तीनंतर स्वयंपाक करताना त्या मोबाइलवर राजकारणाचे, इतिहासाचे, चळवळींचे पॉडकास्ट ऐकायच्या. मुंबई-दिल्लीची शिकलेली माणसं जातीवर, बायकांच्या हक्कांवर बोलायची. ताईंना त्यांचं सगळं पटायचं आणि तरी राग यायचा. "लोकं चांगली हायत गो, बोलतात पण बरोबर. पण तासभर नुसतं समाज, समाज. त्यातल्या एकाला पण गाव नसतं, शेजारी नसतो, घरात कालवण काय केलंय ते नसतं. असा समाज कुठं बघितलायस तू?"

मी रोह्याकडची. आईवडील कोलाडजवळ भात आणि वाल पिकवतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, इतिहास घेऊन बी.ए. हे मी सांगते तेव्हा काहींना ती बढाई वाटते. वाटू दे. ताईंना मात्र आनंद झाला. "इतिहासाची हायस? बेस झालं. राजांचं तू बघ, गावाचं मी बघते."

गाव त्यांचं धरमतरच्या खाडीला लागून. पुढे मिठागरं, मागे खारी शेतं, मध्ये मातीचा बांध. दर रविवारी मी तिकडे जायचे आणि आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात 'खाडीकाठ' रेकॉर्ड करायचो. पंखा बंद, खिडकी बंद, आणि फ्रिजची घरघर येते म्हणून तोही बंद. पहिल्याच रविवारी तो चालू करायला आम्ही विसरलो. दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडल्यावर आतल्या कोलंबीने सगळी आळी जागी केली. ताईंचा फोन आला, "मनीषा, चळवळीचा पहिला बळी गेला गो."

त्यांच्याकडे बोलायला यायच्या त्या मिठागरावर राबलेल्या, टोपलीतून मासळी विकलेल्या बायका. माइक बघून त्या गप्प व्हायच्या, पदर सारखा करायच्या. ताई म्हणायच्या, "तिकीट काढलंयस ना? आता मधेच उतरायचं नाय." मग हसू यायचं आणि गोष्ट सुरू व्हायची. ताईंचा नियम एकच. 'एक बाई', 'काही लोक' असं चालायचं नाही. जो बोलेल त्याने आपलं नाव सांगून बोलायचं. "नाव घातलं की माणूस जपून बोलतो, नि खरं बोलतो," असं त्या म्हणत.

एका भागात पार्वतीबाई बोलल्या. ताईंच्याच गावच्या. त्यांच्या मुलाने दुसऱ्या जातीतल्या मुलीशी, सविताशी, लग्न केलं. गावकीने माफी मागायला सांगितलं. पार्वतीबाई म्हणाल्या, सून माझ्या घरची आहे, माफी कसली? त्या दिवसापासून घर वाळीत. कुणी बोलायचं नाही, लग्नाचं बोलावणं नाही, दुकानात माल नाही. हे असं करणं आता गुन्हा आहे, तसा कायदा आहे. पण कायदा पेणपर्यंत येतो आणि तिथून पुढे त्याला रिक्षा मिळत नाही. हे वाक्यही ताईंचंच.

तो भाग खूप ऐकला गेला. नागोठण्यापासून मुंबईपर्यंत लोकांनी एकमेकांना पाठवला. आणि गावकीने ताईंना बोलावलं.

देवळासमोरच्या मंडपात बैठक होती. घरटी एक पुरुष बसतो. बायका बसत नाहीत. ताई जाऊन मधोमध बसल्या आणि त्यांनी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला. मी मंडपाच्या खांबाला टेकून उभी होते. धर्माअण्णा हे गावकीचे मुख्य, ताईंचे बालपणापासूनचे शेजारी. ते म्हणाले, "नंदे, तो फोन उचल."

"का? तुमी बोला ना. फक्त नाव सांगून बोला."

"गावातलं गावात राहूदे. तेवढा पार्वतीचा भाग काढून टाक, विषय मिटला."

"आणि नाय काढला तर?"

अण्णांनी तोंड उघडलं, फोनकडे बघितलं आणि मिटलं. वाळीत टाकतात ते तोंडी. कागद नसतो, सही नसते, आणि पोलीस आले की कुणी काही बोललेलंच नसतं. सगळी ताकद त्या न सापडण्यात. त्या दिवशी मंडपातल्या एकाही पुरुषाला स्वतःचं नाव घेऊन ते वाक्य उच्चारता आलं नाही. ताई एकेकाकडे बघत होत्या. "पांडू, तू बोल. नाय? गजा, तू? अरे बायकोवर तर केवढा ओरडतोस." शेवटी मोबाइल पिशवीत टाकून त्या उठल्या. "भाग काढणार नाय."

त्या जिंकल्या असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने त्यांना साखर संपल्याचं सांगितलं. साखरेचं पोतं त्यांना दिसत होतं. रिक्षा भरलेलीच असायची. भाचीच्या हळदीचं बोलावणं आलं नाही. हळदीची गाणी ताईंना तोंडपाठ, गावात प्रत्येक हळदीला त्यांचाच आवाज पुढे. त्या संध्याकाळी लांबून बॅन्जो ऐकू येत होता आणि ताई हेडफोन लावून आवाज कापत बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, थोडे दिवस भाग लपवून ठेवूया का?" त्यांनी हेडफोन काढला. डोळे ओले होते, पण आवाज कंडक्टरचाच. "पार्वतीनं सगळं घर वाळीत जाऊ दिलं आपल्या शब्दापायी. मी हळद पण सोडू नको?"

मग श्रावणातल्या मोठ्या उधाणाला बांध फुटला. आमच्या रोह्याकडे हे नाही, पण खाडीकाठी कायदा आहे: बांधाला खांड पडली की हाक फिरते आणि प्रत्येक घरातून एक माणूस धावतो. त्या दिवशी हाक दोन दारं सोडून फिरली. पार्वतीबाईंचं आणि ताईंचं.

दोन्ही दारांतून माणसं गेली. सविता गेली, ताई गेल्या, आणि रविवार असल्यामुळे मीही गेले. खांडीवर माणसांची रांग उभी राहते, चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात. ताई आणि सविता रांगेत घुसल्या. ताईंच्या पुढे उभा होता गजा, अण्णांचा वेगळं घर केलेला मुलगा. ताईंनी गोळा पुढे केला. गजाने हात पुढे केला नाही, बापाकडे बघितलं. मागे गोळे साठायला लागले. खाली पाण्याने कडेची माती ओढायला सुरुवात केली, पलीकडे सगळ्या गावाची लावणी झालेली.

"घे रे मुडद्या!" ताई ओरडल्या. "चिखलाला जात नाय! नि असली तर नंतर धू हात!"

गजाने गोळा घेतला. त्यानंतर कुणी कुणाकडे बघितलं नाही. ओहोटी लागेपर्यंत सविताच्या हातातला चिखल सगळ्या गावाच्या हातांतून गेला.

दोन दिवसांनी अण्णा ताईंच्या अंगणात आले. आत आले नाहीत. "झालं गेलं. तू तेवढा भाग काढ, गावकी तुला बोलावणं धाडेल."

"मला कशाला? पार्वतीकडं धाडा. नि भाग ऱ्हाईल."

बोलावणं कुणाकडेच गेलं नाही. तरी काहीतरी हललं होतं. दुकानात साखर आली. गजाची बायको विहिरीवर सविताशी बोलायला लागली, तेही मोठ्याने.

ताई गेल्या वर्षी गेल्या. हृदयाचा झटका, पेणच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मूलबाळ नव्हतं. मी पोहोचले तेव्हा पार्वतीबाई आणि सविता जवळ बसल्या होत्या आणि कुंपणाबाहेर पुरुष उभे होते. अण्णांनी मला बाजूला बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते. लहानपणी दोघं एकाच होडीत खेळलेले. म्हणाले, "पोरी, पासवर्ड तुझ्याकडं हाय. तेवढा भाग काढ. आता तिला काय फरक पडतो? गाव खांदा देईल, मानानं नेऊ तिला."

मोबाइल माझ्या हातात होता. काढायला एक मिनिटही लागलं नसतं, आणि आत ताई उचलायच्या होत्या.

"नाही काढणार," मी म्हटलं. "आणि मला मनीषा म्हणतात. मी काढला नाही असं सगळ्यांना सांगा."

पुढचा एक खांदा सविताने दिला, दुसरा मी. मागे पार्वतीबाईंचा मुलगा आणि ताईंबरोबर नोकरी केलेला एक ड्रायव्हर. बाई खांदा देते म्हणून कुणीतरी पुटपुटलं. ताई जड होत्या, वाट चिखलाची होती. कुंपण ओलांडताना सविताचा पाय घसरला आणि बाहेरच्या माणसांतून गजा पुढे आला. त्याने बापाकडे बघितलं नाही. त्याच्यामागून आणखी काही आले, सगळे नाही. अण्णा तिथेच उभे राहिले.

तो भाग अजून आहे. पार्वतीबाई पूर्ण नाव सांगून बोलतात, मागे कुठे फ्रिज वाजत नाही. ज्याला ऐकायचा त्याने ऐकावा. ज्याला तो खुपतो त्याने माझ्याकडे यावं, मी पेणलाच असते.