रझियाच्या वाट्याची गोष्ट

काल लेकीला लातूरला क्लासला सोडायला गेले. क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. तापलेल्या पत्र्याचा वास आला आणि मी किल्लारीत, भूकंपानंतरच्या आमच्या शेडमध्ये जाऊन पोचले.

माझ्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं, पण उभं राहायची हिंमत होत नव्हती. शेजारच्या खाटेवर माझी मैत्रीण रझिया असायची. भिंतीखाली सापडलेला तिचा डावा पाय डॉक्टरांना कापावा लागला होता. तिचे अब्बा, आमच्या शाळेतले शेख गुरुजी, दुपारी आम्हाला आफ्रिकेतल्या सुंदियाताची गोष्ट सांगायचे. त्या राजपुत्राला लहानपणी चालता येत नव्हतं. लोक त्याच्या आईला हसले, तेव्हा तो लोखंडी कांब धरून उभा राहिला आणि पुढं त्यानं मालीचं साम्राज्य उभारलं.

एकदा गोष्ट तिथवर आली आणि मी शेडचा गरम खांब धरून उठले. गुरुजींचे डोळे भरून आले. "शाबास बेटा," ते म्हणाले.

"अब्बा," रझियानं हळूच विचारलं, "त्याला दोन्ही पाय होते ना?"

"हाव," म्हणून गुरुजी खाली बघत राहिले. ती गोष्ट त्यांनी कुणासाठी शोधून आणली होती, हे मला आई झाल्यावर कळलं. तेव्हा फक्त माझ्या पायांची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. गुडघे दुखायलेत असं सांगून मी खाली बसायला लागले.

"बसू नको," रझिया म्हणाली. "उभी राहा. मी बघून राहिले."