गाव शाळेत राहतं का?

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलंच, तर धडगावच्या घाटातल्या गमती सांगून वेळ मारून न्यायचो.

उजवा हात उंच, हातात साधा मोबाइल, स्पीकर चालू आणि मान वर करून आभाळाशी भांडल्यासारखं बोलणं. ती मला अशीच आठवते. धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर ती आशाताई होती, म्हणजे गावची आरोग्यसेविका. पाड्यात रेंज नव्हती; डोंगर चढून गेलं की एका खडकावर मिळायची. बाळंतीण अडली की गाडी बोलवायला ती त्या खडकाकडे धावायची.

मी दूरसंचार खात्यात होतो. रेंज कुठं नाही हे आम्ही मोजायचं, मग तिथं सरकार टॉवर उभारून घ्यायचं. मोजणी पाड्यापाड्यावर करा, असा हुकूम होता. पण जीप शाळेपर्यंतच जायची. मी खाली शाळेपाशीच मोजलं, तिथं रेंज मिळाली, आणि सगळ्या गावाला रेंज आहे असं कळवून टाकलं.

मग ती दर बाजाराच्या दिवशी भाड्याच्या जीपमध्ये दाटीनं बसून ऑफिसात यायची.

"साहेब, गाव शाळेत राहतं का?"

"ताई, नियमात बसत नाही."

"मग नियमाला पाड्यावर पाठवा. भाकर मी घालते."

सगळे हसायचे. मीही. शिपाई तर ती फाटकात दिसली की ओरडायचा, "साहेब, शाळावाली उनी!"

एका पावसाळ्यात ती हात गळ्यात बांधून आली. खडकावरून घसरली होती.

"फोन लागला, साहेब. बाई वाचली, पोरगी झाली. पण हा हात आता वर जात नाही. आता तरी मोजा."

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर चालत गेलो. मोजलं. वर कळवलं, पण नवीन मागणी म्हणून. आधीची चूक माझी, हे कळवलं नाही.

टॉवर उभा राहिला. 'साहेबांनी दिला' असं ती गावभर सांगत सुटली. मी निवृत्त झालो तेव्हा पाड्यावरून आंबे आले.

खडकावर आता शेळ्या बसतात म्हणे. ती चुलीपाशी बसून फोन घेते. मागे भांडी वाजतात, कोंबड्या ओरडतात. मी अधूनमधून नंबर लावतो, आज सांगायचंच असं ठरवून.

"बोला साहेब. आवाज येतोय, स्पष्ट येतोय!"

"काही नाही, ताई," मी म्हणतो. "रेंज बघत होतो."